मांजराची पिल्ले सोडून देण्याआधी

वेचलेला कापूस भाव वाढेपर्यंत घरातल्याच एका खोलीत साठवून ठेवण्याची रीत विदर्भातील खेड्यांत अजून आहे, आणि त्या कापसाच्या गंजीत एखाद्या रात्री मांजर विते, ही गोष्ट तिथल्या कोणालाही नवी नाही. कापूस विकून झाला असेल तर कुटाराची, म्हणजे जनावरांच्या कोरड्या चाऱ्याची, खोली असते, गोठ्यावरचा माळा असतो, गोधड्यांची चळत असते. मांजर नकोसे असते असे नाही. तूर, गहू, ज्वारीची पोती असलेल्या घरात उंदरांसाठी ते हवेच असते. नको असतात ती पिल्ले. महिना-दीड महिन्यात ती घरभर फिरू लागतात, कापसावर घाण करतात, दुधाच्या भांड्यात तोंड घालतात आणि मग एखाद्या सकाळी त्यांना पोत्यात भरून आठवडी बाजाराच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे, देवळाजवळ, ढाब्यापाशी किंवा नदीपल्याड नेऊन सोडले जाते. सहा-सात महिन्यांनी पुन्हा तेच होते.

असे करणारी माणसे निर्दय असतात असे म्हणून विषय संपवता येत नाही, कारण पुष्कळदा ती पिल्ले सोडतात तीच मुळी त्यांना मारायचे नसते म्हणून. मांजर मारले तर काशीला जाऊन सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत महाराष्ट्रभर आहे आणि वऱ्हाडातल्या व झाडीपट्टीतल्या आजी-आजोबांनी ती नातवंडांना सांगितलेली आहे. या समजुतीने बऱ्याच मांजरांचा जीव वाचवला असेल, पण तिच्यातून एक पळवाटही निघाली: हाताने मारायचे नाही, फक्त डोळ्यांआड सोडून यायचे. पुढे जे होते ते आपल्या माथी नाही, असे मानले की मन मोकळे होते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की सोडून देणे हा मारण्याला पर्याय नाही, आणि जो खरा पर्याय आहे तो पिल्ले जन्मण्याच्या आधी वापरावा लागतो.

सोडलेल्या पिल्लाचे काय होते, हे त्याच्या वयावर ठरते. जन्मतः मांजराचे पिल्लू आंधळे असते. त्याचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. पहिले तीन-चार आठवडे त्याला स्वतःच्या शरीराचे तापमान नीट राखता येत नाही, आणि पहिले काही आठवडे तर आईने चाटल्याशिवाय त्याला लघवी-शौचही होत नाही. या वयातले पिल्लू आईपासून तोडले तर ते भुकेने मरण्याच्या आधी थंडीने, उन्हाने किंवा पोटातील घाण साचून मरू शकते. कनवाळू माणसाने वाटीत गाईचे दूध ठेवले तरी त्याला ते चाटून पिता येत नाही. जबरदस्तीने पाजले तर दूध श्वासनलिकेत जाते, आणि पोटात गेलेच तर गाईच्या दुधातील साखर न पचल्यामुळे जुलाब होऊन अंगातले पाणी निघून जाते. दीड-दोन महिन्यांचे पिल्लू स्वतः खाऊ शकते, पण त्याला शिकार येत नाही, कुत्र्यापासून पळता येत नाही आणि पाणी कुठे आहे हे माहीत नसते. त्यात महिना एप्रिल-मेचा असेल, अकोला, वर्धा, चंद्रपूर यांचा पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास असेल, तर एसटी स्टँडच्या फरशीवर सोडलेले पिल्लू किती वेळ तग धरेल याचा अंदाज नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ दिवसांचे कडक ऊन, अनुभवलेल्या कोणालाही करता येतो.

मोठे मांजर सोडले तर ते उंदीर मारून जगेल, हा दिलासाही फारसा खरा नाही. मांजर माणसाला जितके चिकटून असते त्याहून जास्त जागेला चिकटून असते. नव्या गावात सोडलेले मांजर आधी लपून बसते, मग घराकडे परतण्याच्या प्रयत्नात रस्ते ओलांडते आणि वाटेत त्या त्या भागात आधीपासून राहणाऱ्या बोक्यांचा मार खाते. रानाजवळ सोडले तर ते तिथले सरडे, खारी आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी खाते, आणि मांजरांचे विषाणूजन्य रोग रानमांजरांपर्यंत पोहोचवू शकते. ताडोबा, मेळघाट, पेंच किंवा नवेगाव-नागझिऱ्याच्या कडेच्या गावांत तर ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी लागेल. जंगलात सोडले म्हणजे त्याला त्याच्या घरी सोडले, असे होत नाही. पाळीव मांजर हजारो वर्षांपासून माणसाच्या धान्याभोवती जगत आले आहे.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार, उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाशिवाय सोडून देणे हा गुन्हा आहे. म्हणजे पोत्यात भरून नदीपल्याड सोडलेली पिल्ले या कलमात बसतात. मात्र पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. १९६० साली ठरलेली ही रक्कम आज कोणाला थांबवील असे वाटत नाही. मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे याबाबत कायदा बराच कडक झाला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत प्राण्याची किंमत किती, यावर शिक्षा ठरत असे, आणि गावठी मांजराला किंमत कोण लावणार? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मधून किमतीची ही अट गेली आहे, आणि नुकसान करण्याच्या हेतूने कोणत्याही प्राण्याला ठार मारल्यास, विष दिल्यास किंवा जायबंदी केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तरीही पिल्ले सोडण्याच्या प्रश्नाचे उत्तर पोलीस ठाण्यात मिळेल असे मला वाटत नाही. ते मांजराच्या शरीराचे चक्र समजून घेतल्यावर मिळते.

मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. घरातले लोक तिला अजून पिल्लूच समजत असतात, तेवढ्यात ती गाभण राहते. माजावर आलेली मांजरी रात्रभर ओरडते, जमिनीवर लोळते, पाठीवरून हात फिरवला की मागचा भाग उचलते. हे पाहून पुष्कळ जण तिच्या पोटात दुखत असेल असे समजतात, आणि रात्रीचे ते ओरडणे अशुभ मानून तिला दगडही मारले जातात. गाईम्हशींमध्ये माजाच्या ठरावीक काळात बीज आपोआप सुटते, म्हणून वेळ चुकली की गाय उलटते, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येते. मांजरीत तसे होत नाही. तिचे बीज बहुतेकदा बोक्याशी संग झाल्यावरच सुटते. त्यामुळे संग झाला की गर्भ राहण्याची शक्यता फार मोठी असते, आणि एकाच वेतातील पिल्लांचे बाप वेगवेगळे असू शकतात. संग झालाच नाही तर साधारण दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा माजावर येते. गाभणकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा, आणि एका वेताला बहुधा तीन ते पाच पिल्ले.

यातला पुढचा भाग गावात फारसा माहीत नसतो आणि सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. पिल्ले अंगावर पीत असतात तोवर मांजरी बहुतेकदा माजावर येत नाही, जरी काही जणी पिल्ले पाजतानाही येतात. पण पिल्ले तिच्यापासून तोडली की दूध आटते, शरीराला पुढच्या वेतासाठी मोकळीक मिळते आणि थोड्याच आठवड्यांत ती पुन्हा गाभण राहू शकते. म्हणजे पिल्ले सोडून येणारा माणूस घर मोकळे करत नसतो. तो पुढचे वेत जवळ आणत असतो. पिल्ले जितकी लहान असताना नेली, तितके हे लवकर घडते, आणि त्या मधल्या काळात ताठलेल्या, दुखणाऱ्या आचळांनी ती मांजरी घरभर त्यांना शोधत ओरडत राहते ते वेगळेच. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते, असे आपल्याकडे म्हणतात. त्या घरे बदलण्यामागे कारण आहे: माणसांचा वावर वाढला, जागेला वास येऊ लागला, किंवा पिल्ले मारणारा परका बोका आसपास फिरू लागला की ती त्यांना उचलून दुसरीकडे नेते. म्हणूनच एकटी दिसलेली पिल्ले लगेच बेवारशी समजून उचलू नयेत. आई एकेक पिल्लू हलवताना वाटेत असू शकते. त्यांच्यावर ऊन येत असेल तर सावली करावी आणि लांबून वाट पाहावी.

एका मांजराच्या जोडीपासून सात वर्षांत चार लाखांहून जास्त मांजरे होतात, असा आकडा मोबाईलवर फिरत असतो. तो खरा नाही. त्यात जन्मलेले प्रत्येक पिल्लू जगते, मोठे होते आणि लगेच विते, असे गृहीत धरलेले असते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिनात मोकाट मांजरांचा अभ्यास झाला होता आणि २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात नोंदलेल्या १६९ पिल्लांपैकी १२७ पिल्ले, म्हणजे जवळजवळ ७५ टक्के, सहा महिन्यांची होण्याआधीच मेली किंवा नाहीशी झाली. आपल्याकडची परिस्थिती याहून बरी असेल असे मानायला काही आधार नाही. गाव मांजरांनी भरून जात नाही, म्हणून प्रश्नच नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा दुसरा आकडा पाहावा. लाखांचा हिशेब आणि गावात प्रत्यक्ष दिसणारी पाच-पंचवीस मांजरे यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात एक भाग त्या आकड्याच्या फुगवट्याचा आहे आणि दुसरा मेलेल्या पिल्लांचा.

पिल्ले होऊ न देण्याचा भरवशाचा उपाय म्हणजे निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया. गावात तिला सरळ ऑपरेशन म्हणतात. माणसांच्या नसबंदीत नळ्या बांधतात, आणि स्त्रीबीजकोश व वृषणे जागेवरच राहतात. मांजराच्या ऑपरेशनमध्ये मादीचे बीजकोश आणि बहुधा गर्भाशयही काढतात, नराची वृषणे काढतात. त्यामुळे पिल्ले होणे थांबतेच, शिवाय संबंधित संप्रेरके (हार्मोन) तयार होणे बंद झाल्याने माज, रात्रीचे ओरडणे आणि बोक्यांचे भटकणेही थांबते किंवा खूप कमी होते. दोन्ही शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होतात. बोक्याचे काम काही मिनिटांचे असते. मादीचे पोट उघडावे लागते म्हणून थोडा जास्त वेळ लागतो आणि टाके पडतात.

हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, मुक्या जिवाचा वंश बुडवणे पाप आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रामाणिक असतो, पण शेतकऱ्याच्या घरात तो थोडा विचित्र वाटतो. पोळ्याला आपण ज्याची पूजा करतो, ज्याच्या शिंगांना बेगड लावतो, तो बैल खच्ची केलेला असतो. त्याशिवाय तो औताला चालत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक आहे आणि त्यात कोणाला पाप दिसत नाही. फार पूर्वी ते काम दगडावर ठेचून व्हायचे, आता पशुवैद्यकाकडच्या चिमट्याने होते. मांजराला भूल देऊन, स्वच्छ हत्यारांनी केलेली शस्त्रक्रिया त्याहून कितीतरी सौम्य आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे: ऑपरेशन केलेले मांजर आळशी होईल, मग उंदीर कोण मारणार? शिकारीची ओढ प्रजननाच्या संप्रेरकांवर अवलंबून नसते, त्यामुळे ऑपरेशननंतरही मांजर उंदीर मारते, आणि माजाच्या मागे लांब भटकत नसल्याने घरी जास्त वेळ असते. त्याची भूक वाढते आणि हालचाल थोडी मंदावते हे खरे, म्हणून खाणे बेताने द्यावे लागते. उपाशी ठेवले तर जास्त उंदीर मारेल, ही समजूत मात्र सोडून द्यावी. उपाशी मांजर शेजारच्या घरातले दूध शोधायला जाते आणि तिथे मार खाते. ज्या घरात मांजर आहे तिथे उंदरांचे औषध टाकणे हा तर आपल्याच हाताने केलेला घात, कारण विष खाऊन सुस्तावलेला उंदीर मांजर सर्वांत आधी पकडते.

निदान एक वेत तरी होऊ द्यावे म्हणजे मादीची तब्येत चांगली राहते, असे काही घरांत सांगतात. पशुवैद्यकशास्त्रात याला आधार नाही. उलट लवकर ऑपरेशन झालेल्या मादीत स्तनांच्या गाठींचा धोका बराच कमी होतो, आणि मांजरीतल्या अशा गाठी बहुधा कर्करोगाच्याच निघतात. गर्भाशयात पू होण्याचा जीवघेणा आजारही टळतो. ज्या मादीचे एकदा वेत झाले आहे तिचेही ऑपरेशन करता येते, फक्त पिल्ले स्वतः खाऊ लागेपर्यंत थांबावे. माज थांबवण्याची इंजेक्शने आणि गोळ्या हा स्वस्त मार्ग वाटतो, पण त्या वारंवार दिल्याने नेमका गर्भाशयातील पू आणि स्तनांच्या गाठी यांचा धोका वाढतो. ती वाट न धरलेली बरी.

बोक्याचे ऑपरेशन कशाला, तो काही वीत नाही, असे म्हणणे सगळ्यात जास्त ऐकू येते. गावातील एक बोका अनेक घरांतल्या मांजरींचा बाप असतो, हे एक. त्याशिवाय भांडणात फाटलेले कान, डोक्यावरचे गळू, पोत्यांवर आणि दाराच्या चौकटीवर मारलेली उग्र वासाची लघवी, महिना-महिना गायब राहणे, हे सगळे त्याच्या संप्रेरकांचे खेळ आहेत आणि वेळेवर ऑपरेशन केले तर बहुतेक बोक्यांत ते आटोक्यात येतात. चावाचावीतून मांजरांतले काही असाध्य विषाणूजन्य आजार पसरतात, तेही कमी होते. ऑपरेशननंतर काही आठवडे बोक्यात गर्भ राहण्याइतके बीज शिल्लक असू शकते, म्हणून तेवढे दिवस त्याला माजावरच्या मादीपासून दूर ठेवावे.

आता अडचणीचा भाग. गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई, म्हशी, बैल आणि शेळ्या यांच्यासाठी असतो, आणि तिथे मांजर घेऊन गेलेल्या माणसाकडे लोक हसून पाहतात. प्रत्येक ठिकाणी मांजराच्या भुलीची सोय असतेच असे नाही. त्यामुळे आधी तालुक्याच्या दवाखान्यात पशुधन विकास अधिकाऱ्यांना विचारावे, तिथे जमत नसेल तर जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चौकशी करावी. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे आणि अकोल्यातही पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. दोन्ही ठिकाणी प्राण्यांवर उपचार होतात. एका मांजरासाठी एवढी पायपीट करणे कुणालाही जड जाईल, यात शंका नाही. म्हणून मोहल्ल्यातील चार-सहा घरांनी किंवा एखाद्या बचत गटाने मिळून वेळ ठरवली, एकच गाडी केली, किंवा ग्रामपंचायतीने पशुसंवर्धन विभागाकडे शिबिराची लेखी मागणी केली, तर खर्च आणि संकोच दोन्ही वाटले जातात.

मांजर पोत्यात नेऊ नये; उन्हात ते गुदमरते आणि सुटण्यासाठी चावते. झाकण बांधता येईल असे बांबूचे टोपले किंवा भोके असलेली प्लास्टिकची क्रेट पुरते. किती तास उपाशी ठेवायचे हे डॉक्टरांना विचारावे, कारण लहान पिल्लांना फार वेळ उपाशी ठेवणे धोक्याचे असते. घरी आणल्यावर पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत उंच जागी ठेवू नये. दहा-बारा दिवस तरी बाहेर सोडू नये, जखमेवर हळद, राख, तेल काही लावू नये, आणि टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कॉलर किंवा अंगाला मऊ सुती कापड बांधावे. एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी: दुखत असेल म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीही देऊ नये. माणसाचे यकृत ती गोळी पचवते. मांजराच्या यकृतात ती क्षमता नसते, आणि एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेऊ शकते.

ऑपरेशनच्याच फेरीत रेबीजची लस द्यायला सांगावे. तीन महिन्यांवरील मांजराला ती देता येते. मांजर चावल्याने किंवा ओरखडल्यानेही माणसाला रेबीज होऊ शकतो. अशी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात लस घ्यावी, आणि सोडलेली पिल्ले ओरखडतात तेव्हा ती बहुधा खेळणाऱ्या मुलांनाच ओरखडतात हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

घरात आधीच पिल्ले असतील तर ती आठ आठवड्यांची होईपर्यंत आईजवळ राहू द्यावीत. मात्र तिसऱ्या आठवड्यापासून त्यांना रोज हातात घ्यावे, कारण साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा स्पर्श झालेले पिल्लू माणसाळते, आणि कुटाराच्या खोलीत दडून वाढलेले पिल्लू पुढे कोणाच्याच घरात रुळत नाही. तीन रंगांचे पिल्लू जवळजवळ नेहमी मादी असते. मादी आहे म्हणून ते नको, असे म्हणणाऱ्याला ऑपरेशनचे सांगावे. गावात ज्यांचे कोणी मालक नाही अशा मांजरांचे ऑपरेशन झाले तर भूल असतानाच एका कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे पुन्हा त्यालाच पकडले जात नाही.

राहिला प्रश्न वेळेचा. दिवस मोठा होऊ लागला की मांजरींमध्ये माज वाढतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत गाभण राहिलेल्या मादीची पिल्ले मार्च-एप्रिलच्या उन्हात येतात, आणि पाऊसकाळाच्या तोंडावर दुसरे वेत होऊ शकते. पावसाळ्यात जन्मलेली मादी दिवाळीपर्यंत चार-पाच महिन्यांची होते. कापसाची वेचणी आणि तुरीची सोंगणी यांच्यात तो काळ धावपळीचा असतो हे खरे, पण सोयाबीन घरात आल्यावर आणि वेचणीला जोर चढण्याआधी जे दहा-पंधरा दिवस थोडे सैल मिळतात, त्यात ते काम उरकले तर कापसाच्या गंजीत ती विणार नाही.